‘तसा’ म्हणजे कसा?

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरात टीव्हीला एक जादा काम असतं. पुण्यात वाढणाऱ्या मुलाच्या कानावर मराठी रस्त्यावर, शाळेत, रिक्षात, वाण्याच्या दुकानात पडतं. आमच्या बडोद्यात, किंवा इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबादमध्ये वाढणाऱ्या मुलाला ते घरात ऐकू येतं, मंडळाच्या कार्यक्रमात ऐकू येतं आणि टीव्हीवर. चार-पाच पिढ्या इथे काढलेल्या घरांतली मुलं एकमेकांत गुजराती नाहीतर हिंदी बोलतात आणि रात्री आजीशेजारी बसून मराठी मालिका बघतात. माझ्या पिढीचं निम्मं मराठी असंच आलं आहे. टोमणा कसा मारायचा, लाडात कसं बोलायचं, ‘अगं बाई’ कुठे म्हणायचं, हे आम्ही पडद्याकडून शिकलो. कोणाला हसायचं, हेही त्याच वेळी शिकलो.

हा लेख त्या हसण्याबद्दल आहे. सिनेमा, मालिका, विनोदी कार्यक्रम आणि आपल्या मंडळांची नाटुकली यांत समलिंगी आणि तृतीयपंथी माणसं कशी दिसतात, आणि ती तशी दिसल्यामुळे घरात काय होतं, याबद्दल.

माझा यात संबंध काय, ते आधी सांगून टाकतो. माझा धाकटा भाऊ समलिंगी आहे. तो तिशीत आहे, सीए आहे, अहमदाबादला नोकरी करतो आणि दर दुसऱ्या शनिवारी घरी येतो. हा लेख पाठवण्याआधी त्याने वाचला आहे. वर माझं नाव आहे, म्हणजे आमच्या मंडळातल्या लोकांना तो कोण हे लगेच कळणार, याची त्याला कल्पना आहे. मी त्याला दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा तो वैतागून म्हणाला, “दादा, पाठव आता. मावश्या स्थळं घेऊन येतात, त्यापेक्षा हे सोपं पडेल.”

२०१९ च्या दिवाळीत त्याने घरी सांगितलं. आदल्या वर्षी, ६ सप्टेंबर २०१८ ला, सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता की, दोन सज्ञान माणसांचे परस्परसंमतीचे संबंध कलम ३७७ खाली गुन्हा ठरत नाहीत. त्यानंतर वर्षभराने त्याला बोलायचा धीर आला. आमच्या घरात सगळं मराठीत चालतं. हे एक वाक्य मात्र तो इंग्रजीत बोलला. आई बँकेतून निवृत्त झालेली आहे, तिला इंग्रजी चांगलं कळतं. तरी तिने ते मनातल्या मनात मराठीत आणलं आणि विचारलं, “म्हणजे तू... तसा?”

“तसा म्हणजे कसा, आई?”

तिला सांगता येईना. थोड्या वेळाने म्हणाली, “पण तुझं चालणंबोलणं तर नीट आहे. लहानपणी कधी साडीबिडी नेसला नाहीस.”

बाबा उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले.

आईचं ते साडीचं वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. आई भरपूर वाचते, माणसांत वावरते. समलिंगी माणसाचं एक पक्कं चित्र तिच्या मनात होतं, आणि त्या चित्रासारखा एकही माणूस तिने जवळून पाहिलेला नव्हता. चित्र पडद्यावरून आलं होतं. ते तिथवर कसं आलं, हे मी गेली काही वर्षं हाताशी येईल ते बघत आणि वाचत समजून घेतो आहे.

साडी नेसलेला पुरुष

मराठी माणसाला साडी नेसलेल्या पुरुषाचं हसू मुळात येत नव्हतं. बालगंधर्व (१८८८–१९६७) रंगमंचावर आले की, प्रेक्षक त्यांच्याकडे भामिनी म्हणून, रुक्मिणी म्हणून बघायचे. त्यांच्या साड्या, दागिने, गजरे यांचं अनुकरण चांगल्या घरच्या बायका करायच्या. त्यांच्या गंधर्व नाटक मंडळीला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा आश्रय होता, म्हणजे आमच्या गावानेही हे कौतुकाने पाहिलं आहे. २०११ साली रवी जाधव यांच्या ‘बालगंधर्व’ चित्रपटात सुबोध भावे यांनी ती भूमिका केली, तेव्हाही कोणी हसलं नाही.

हसू आलं ते तमाशातल्या नाच्याबरोबर. नाच्या हे वगातलं एक ठरलेलं पात्र. बायकी हावभाव करणारा, कमरेत लचकणारा पुरुष. मराठी तमाशापटांत ही भूमिका कोल्हापूरच्या गणपत पाटील यांनी इतकी रंगवली की, नाच्या म्हटलं की त्यांचाच चेहरा आठवतो. पुढे त्यांना दुसऱ्या प्रकारची कामं फारशी मिळाली नाहीत. प्रत्यक्षात ते बायकामुलं असलेले संसारी गृहस्थ होते. पडद्यावरची प्रतिमा त्यांच्या घरापर्यंत पोचली आणि कुटुंबालाही लोकांच्या टोमण्यांचा त्रास झाला. २००८ साली ते गेले. पडद्यावरच्या हसण्याची किंमत पडद्याबाहेर कोणाला द्यावी लागते, याचं मराठीत याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

हाच धागा आनंद यादवांच्या ‘नटरंग’ या कादंबरीत आहे आणि त्यावर रवी जाधव यांनी काढलेल्या, जानेवारी २०१० मध्ये आलेल्या चित्रपटात आहे. कागलचा गुणा हा पहिलवान गडी. तमाशाचा फड उभा करताना नाच्या मिळेना म्हणून तो स्वतःच नाच्या होतो. अतुल कुलकर्णी यांनी आधी पहिलवानाचं शरीर कमावलं आणि मग ते उतरवलं. गुणाचा बाप, बायको, गाव सगळे त्याच्याकडे पाठ फिरवतात. त्याच्यावर अत्याचार होतो. आपल्याकडे या चित्रपटातल्या लावणीवर मंडळाच्या प्रत्येक संमेलनात एक तरी नाच बसतो. गुणाची गोष्ट त्या वेळी कोणाला आठवत नाही. चित्रपटातून लावणी घेतली आणि नाच्याला तिथेच सोडून आलो.

तीन रकाने

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणून हे माझ्या भाषेत मांडतो. कुठलीही माहिती साठवताना आम्ही रकाने ठरवतो. जन्मतारीख आणि नोकरीला लागल्याची तारीख एकाच रकान्यात भरली, तर पुढची सगळी बेरीज चुकते. इथे तेच झालं आहे. तीन वेगळ्या गोष्टी एका रकान्यात कोंबल्या गेल्या आहेत.

पहिली गोष्ट पोशाखाची. पुरुषाने बाईचे कपडे घालणं, मग ते नाटकासाठी असो, पोटासाठी असो, नाहीतर हौस म्हणून. दुसरी गोष्ट ओळखीची. आपण पुरुष आहोत की स्त्री, की या दोन्हींत न बसणारे, हे माणसाला आतून जे वाटतं ते. ट्रान्सजेंडर किंवा तृतीयपंथी हा शब्द इथला. तिसरी गोष्ट आकर्षणाची. आपल्याला कोण आवडतं. समलिंगी हा शब्द इथला.

बालगंधर्व आणि गणपत पाटील पहिल्या रकान्यातले. गौरी सावंत दुसऱ्या रकान्यातल्या. माझा भाऊ तिसऱ्यातला. तो दाढी ठेवतो, शर्ट-पँट घालतो, क्रिकेट बघताना शिव्या देतो. आईला साडी आठवली, कारण तिच्याकडे रकाना एकच होता आणि त्यावर ‘तसा’ असं लिहिलेलं होतं.

‘जोगवा’ हा राजीव पाटील यांचा २००९ चा चित्रपट या गोंधळाची आणखी एक बाजू दाखवतो. यल्लम्माला सोडलेल्या जोगत्या-जोगतिणींची ती गोष्ट आहे. सौंदत्तीचं यल्लम्माचं देऊळ बेळगाव जिल्ह्यात, म्हणजे हा लेख वाचणाऱ्या काही जणांच्या घराजवळच आहे. उपेंद्र लिमये यांनी केलेला तायप्पा साडी नेसतो, कारण त्याला देवीला वाहिलं आहे. साडी त्याच्यावर लादलेली आहे. त्याचं प्रेम मुक्ता बर्वेच्या सुलीवर आहे. लिमये यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पोशाख एक सांगतो आणि माणूस दुसरंच असतो, हे ज्याला समजून घ्यायचं असेल त्याने ‘जोगवा’ जरूर पाहावा.

शाळेतली कांताबेन

आमच्या पिढीने हसण्याचा दुसरा धडा हिंदी सिनेमातून घेतला. ‘कल हो ना हो’ २००३ मध्ये आला. त्यात गुजराती घरातली कांताबेन दोन नायकांना एकत्र बघून दर वेळी हादरते आणि प्रेक्षक हसतात. बडोद्यात त्या विनोदाला दुप्पट जोर होता, कारण कांताबेन आमच्या शेजारची वाटायची. शाळेत दोन मुलं एका बाकावर जवळ बसली की, मागून कोणीतरी ‘कांताबेन आली’ असं ओरडायचं. २००८ च्या ‘दोस्ताना’त दोन नायक घर मिळावं म्हणून समलिंगी असल्याचं सोंग करतात. पूर्ण चित्रपटभर समलिंगी असणं हे सोंग आहे, खरा समलिंगी नायक त्यात नाही.

तरी एक गोष्ट कबूल करावी लागेल. या चित्रपटांनी निदान विषय घरात आणला. तो शब्द मोठ्याने उच्चारला गेला. त्याआधी १९९८ मध्ये दीपा मेहतांचा ‘फायर’ प्रदर्शित झाला, तेव्हा मुंबई-दिल्लीत चित्रपटगृहांची मोडतोड झाली होती. दहा वर्षांनी त्याच विषयावर लोक तिकीट काढून हसत होते. भाऊ म्हणतो, “दगडापेक्षा हसू परवडलं. पण दहा वर्षं फक्त हसूच मिळालं.”

पडद्याबाहेर मात्र आमच्या जवळच एक वेगळी गोष्ट घडली होती. २००६ च्या मार्चमध्ये राजपिपळ्याच्या राजघराण्यातले मानवेंद्रसिंह गोहिल यांनी गुजराती वर्तमानपत्राच्या बडोदा आवृत्तीत आपण समलिंगी असल्याचं जाहीरपणे सांगितलं. राजपिपळा आमच्यापासून तास-दोन तासांवर आहे. तिथे त्यांचे पुतळे जाळले गेले. पुढच्या वर्षी ते अमेरिकेत ओप्रा विन्फ्री यांच्या कार्यक्रमात दिसले. माझा भाऊ तेव्हा शाळेत होता. त्याने मला बऱ्याच वर्षांनी सांगितलं की, ते वर्तमानपत्राचं पान त्याने भूगोलाच्या वहीत ठेवलं होतं. तेव्हा मी बारावीच्या अभ्यासात होतो, शेजारच्या टेबलावर बसलेला.

मराठीत होतं, पण आमच्यापर्यंत आलं नाही

शोधायला लागल्यावर मला आश्चर्य वाटलं ते याचं, की मराठीने या विषयाला हिंदीच्या कितीतरी आधी हात घातला होता. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ साली रंगमंचावर आलं. दिग्दर्शन विनय आपटे यांचं, मुख्य भूमिकेत रोहिणी हट्टंगडी. स्वातंत्र्याच्या आसपासच्या काळातली कॉलेजातली एक मुलगी दुसऱ्या मुलीवर प्रेम करते, अशी ती गोष्ट. पुढे याच कथेवर रवी जाधव यांनी ‘मित्रा’ हा लघुपट केला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०१५ मध्ये तो ‘बायोस्कोप’ या चित्रपटाचा एक भाग म्हणून प्रदर्शित झाला. १९८२ च्या जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’त महिलाश्रमातल्या दोन स्त्रियांच्या संबंधांचा प्रसंग आहे. स्मिता पाटीलचा म्हणून आपण तो चित्रपट आठवतो, तो प्रसंग सहसा आठवत नाही.

२००६ मध्ये अमोल पालेकरांचा ‘थांग’ आला. आपला नवरा एका पुरुषाच्या प्रेमात आहे हे कळल्यावर बायकोचं काय होतं, हा त्याचा विषय. मृणाल कुलकर्णी यांनी ती बायको केली आहे. त्याच वर्षी सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी मौजेने काढली. पुण्यातल्या एका मराठी घरात भाडेकरू म्हणून आलेल्या तरुणावर त्या घरातला मुलगा आणि मुलगी दोघंही जीव लावतात. भावाने सांगितलं, त्यानंतर मी ती वाचली. नंतर आईने वाचली. तिला पुस्तकातल्या आई-वडिलांचा राग आला. आपल्या मुलांचं काय चाललंय हे एकाच घरात राहून त्यांना कळत कसं नाही, असं तिचं म्हणणं होतं. आम्ही दोघं काही बोललो नाही. ती स्वतःच जरा वेळाने गप्प झाली.

मग हे सगळं आमच्यापर्यंत का आलं नाही? कारण साधं आहे. प्रायोगिक नाटकाचा प्रयोग बडोद्याला क्वचित येतो. मराठी चित्रपट इथल्या थिएटरात लागला तर दोन-तीन दिवस, तोही आधीच गाजलेला असला तर. आमच्यापर्यंत जे पोचायचं ते टीव्हीवरून, आणि टीव्हीवरून पोचायचे विनोदी कार्यक्रम. आज मोबाइलवर सगळं मिळतं, पण तिथे वेगळीच गंमत आहे. ‘कोबाल्ट ब्लू’वर २०२२ मध्ये चित्रपट आला तो हिंदी-इंग्रजीत, आणि पुण्याचं घर कोचीला गेलं. गौरी सावंत मूळच्या पुण्याच्या, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख ठरवण्याचा हक्क दिला त्या खटल्यातल्या याचिकाकर्त्यांपैकी एक. त्यांच्यावरची ‘ताली’ ही मालिका रवी जाधव यांनी केली, लिहिली क्षितिज पटवर्धन यांनी, पण केली हिंदीत, सुश्मिता सेनला घेऊन. मराठी माणसांनी मराठी माणसाची गोष्ट सांगितली आणि ती मराठीत सांगितली नाही. याला बाजाराची कारणं आहेत, ती मला कळतात. परिणाम मात्र असा होतो की, घरातल्या मुलाला आपल्याबद्दल बोलायला हिंदी आणि इंग्रजी शब्द मिळतात, आणि मराठीत त्याच्या वाट्याला ‘तसा’ येतो.

आता काही बदलतंय. २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘कारभारी लयभारी’ या मराठी मालिकेत गंगा या ट्रान्सजेंडर कलाकाराने तृतीयपंथी व्यक्तिरेखा केली. पुण्याच्या समपथिक ट्रस्टचे बिंदुमाधव खिरे गेली अनेक वर्षं या विषयावर मराठीत लिहीत आहेत. त्यांचं ‘इंद्रधनु’ हे पुस्तक आई-वडिलांच्या हाती द्यावं असं सोप्या भाषेत आहे. आमच्या घरात ते बाबांनी वाचलं. त्यावर बोलले काहीच नाहीत, पण पुस्तकाला कव्हर घातलं. बाबा ठेवायच्या पुस्तकांनाच कव्हर घालतात.

अलीगढचे मराठीचे सर

एका चित्रपटाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तो आपल्यासारख्यांचा आहे. हंसल मेहतांचा ‘अलीगढ’, २०१६ चा. मनोज वाजपेयी यांनी त्यात डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस यांची भूमिका केली आहे. सिरस मूळचे नागपूरचे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात ते मराठी शिकवायचे. कविता करायचे, त्यांच्या संग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. म्हणजे महाराष्ट्रापासून शेकडो मैलांवर, उर्दू-हिंदीच्या गावात, मराठीचा एक दिवा लावून बसलेला माणूस. आपण आपल्या अंकांतून ज्यांच्यावर लेख लिहितो, तसाच.

फेब्रुवारी २०१० मध्ये काही जण कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसले आणि त्यांचं एका पुरुषाबरोबरचं खासगी चित्रण केलं. विद्यापीठाने त्यांना निलंबित केलं. ते न्यायालयात गेले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने एप्रिलच्या सुरुवातीला निलंबनाला स्थगिती दिली आणि त्यानंतर काही दिवसांतच ते घरात मृतावस्थेत सापडले. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते.

चित्रपटात एक लांबलचक प्रसंग आहे. सिरस सर संध्याकाळी खोलीत एकटे बसले आहेत. हातात ग्लास, लताबाईंचं जुनं गाणं लावलेलं, डोळे मिटून ते त्याबरोबर गुणगुणताहेत. दुसरं काही घडत नाही. आणखी एका ठिकाणी तरुण पत्रकार त्यांना समलिंगी म्हणतो, तेव्हा ते साधारण असं म्हणतात, की माझ्या मनातलं कोणी तीन अक्षरांत कसं बसवू शकेल. कवीला शोभेल असंच ते बोलणं आहे.

हा चित्रपट आम्ही चौघांनी २०२० च्या टाळेबंदीत घरी पाहिला. गाण्याच्या प्रसंगात आई मध्येच म्हणाली, “यांना कधी कोणी घरी जेवायला बोलावलं नाही का रे? तिथे मराठी माणसं नव्हती?”

मला तेव्हा वाटलं, इतक्या लेखांनी आणि माझ्या समजावण्याने जे झालं नव्हतं ते या एका प्रसंगाने केलं. आईने त्या माणसाला ‘तसा’ म्हटलं नाही. तिला तो परगावातला एकटा मराठी माणूस दिसला.

पण भावाचं एक म्हणणं आहे आणि ते मला पटतं. तो म्हणतो, “मित्रा मरते, सिरस मरतात. विनोदी असेल तर साडी, गंभीर असेल तर मरण. मी हप्ते भरतो, भाजी आणतो, दुसऱ्या शनिवारी एसटीने येतो. मी कुठे आहे?” मराठी पडद्यावर अजून न दिसलेला माणूस हा आहे. मालिकेतल्या एकत्र कुटुंबात दोन काका, तीन सुना, एक खाष्ट आत्या, एक विनोदी शेजारी असतात. त्यात एक समलिंगी चुलतभाऊ असावा, ज्याच्यावर एकही भाग नसेल, जो गौरी-गणपतीत फक्त मोदकांचं सारण ढवळत असेल, एवढीच त्याची मागणी आहे.

हसायचं कोणावर

आता प्रश्न येतो विनोदाचा. हे लिहितोय म्हटल्यावर मंडळातला एक मित्र म्हणाला, “म्हणजे आता साडी नेसायची नाही? ‘अशी ही बनवाबनवी’ बघायचा नाही?”

बघायचा. भाऊच दर वर्षी लावतो. १९८८ च्या त्या चित्रपटात सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे बायका होतात, कारण पुण्यात चार तरुणांना भाड्याने खोली मिळत नाही. हसू येतं ते पकडले जाण्याच्या भीतीचं, सोंग वाचवण्यासाठी मारलेल्या थापांचं. त्यात बायकी पुरुषाची टवाळी नाही. साडी ही त्या गोष्टीतली अडचण आहे, विनोद त्या अडचणीभोवती रचलेला आहे. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांतही दोन्ही प्रकार दिसतात. काही नट बाईची भूमिका अशी करतात की, दोन मिनिटांत समोर खरीखुरी खवचट काकू उभी राहते. काही वेळा मात्र पुरुष लचकत येतो, डोळे मिचकावतो आणि तेवढ्यावरच हशा मागतो.

फरक ओळखायला मी एक साधी चाचणी करतो. साडी आणि लचकणं काढून टाकलं, तर विनोद उरतो का? ‘बनवाबनवी’त उरतो. नुसत्या लचकण्यात काहीच उरत नाही.

हिंदीत हा काटा गेल्या काही वर्षांत दुसरीकडे वळला आहे. २०२० च्या ‘शुभ मंगल ज्यादा सावधान’मध्ये मुलाचं एका मुलावर प्रेम आहे हे कळल्यावर बाप पार उन्मळतो. हा बाप शास्त्रज्ञ आहे, त्याने काळा फ्लॉवर तयार केला आहे आणि त्याचं त्याला फार कौतुक आहे. निसर्गात नसलेली भाजी बनवणारा माणूस मुलाला निसर्गनियम सांगतो आणि प्रेक्षक त्या बापाला हसतात. आमचे बाबाही हसले. हर्षवर्धन कुलकर्णी यांच्या २०२२ च्या ‘बधाई दो’मध्ये राजकुमार राव व्यायामशाळेत घाम गाळणारा पोलीस आहे आणि समलिंगी आहे. भूमी पेडणेकर खेळाची शिक्षिका आहे, तीही समलिंगी आहे. घरच्यांचा तगादा चुकवायला दोघं एकमेकांशी लग्न करतात आणि मग नातेवाईक विचारायला लागतात, पाळणा कधी हलणार? हसू येतं ते त्या नातेवाइकांचं. ते प्रश्न आपण सगळ्यांनी हॉलमध्ये बसून ऐकले आहेत.

लग्नाचा विषय निघालाच आहे, तर एवढं सांगतो. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला आणि तो निर्णय संसदेवर सोपवला. त्या दिवशी भाऊ ऑफिसात होता. रात्री त्याचा फोन आला तेव्हा आईने त्याच्याशी बराच वेळ फक्त फराळाबद्दल बोलून घेतलं, यंदा चकल्या किती करायच्या याबद्दल. मग म्हणाली, “त्यालाही आवडतात ना? मग दोन डबे करते.” तो म्हणजे भावाचा जोडीदार. आईच्या बोलण्यात तो तेव्हा पहिल्यांदा आला.

गणपतीतलं नाटुकलं

हा अंक वाचणाऱ्यांत गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांसाठी प्रहसनं लिहिणारी, बसवणारी तरुण मुलं बरीच आहेत. त्यांच्याशीच मला मुख्यतः बोलायचं आहे. चॅनेल काय दाखवतात ते आपल्या हातात नाही. मंडळाच्या स्टेजवर काय होतं ते आहे. दर वर्षी एक प्रवेश ठरलेला असतो. दांडगा मुलगा नऊवारी नेसून येतो, आवाज बारीक करतो, पुढच्या रांगेतले काका शिट्टी मारतात. त्या सभागृहात दोनशे लोक असतात. त्यांत शाळेत जाणारा एखादा मुलगा किंवा मुलगी अशी असेल, जिला स्वतःबद्दल काही कळायला लागलं आहे आणि ते सांगायला कोणी नाही. ती आई-बाबांच्या मधल्या खुर्चीत बसून, आई-बाबा कशाला हसतात ते बघत असते. माझा भाऊ त्या खुर्चीत बसलेला आहे. त्यानंतर दहा-बारा वर्षं तो कुठलं ना कुठलं कारण काढून मंडळात आला नाही.

नऊवारी नेसणारा मुलगा ठेवा. त्याला एक पात्र द्या, चार चांगली वाक्यं द्या, भांडकुदळ वहिनी करा, हिशेबी आत्या करा. लोक जास्त हसतील. आणि लिहिताना गोष्टीत कोणी समलिंगी आला, तर त्याला ‘समलिंगी’ म्हणा. शब्द जड वाटतो, पण दोन-चारदा वापरला की रुळतो. ‘घटस्फोट’ हा शब्दही एके काळी आपल्या घरांत कुजबुजून बोलायचे.

आमच्या मंडळाचे खजिनदार गेली तीन वर्षं भावाच्या मागे लागले आहेत, की वर्गणीचे हिशेब तपासायला ये, घरचा सीए असताना बाहेरच्याला पैसे कशाला द्यायचे. या वर्षी तो हो म्हणाला आहे. अनंत चतुर्दशीच्या आदल्या रविवारी दुपारी तो वह्या घेऊन कार्यालयात बसेल. बरोबर त्याचा जोडीदारही असेल, त्याला मराठी थोडंथोडं कळतं. महाप्रसाद साडेबाराला असतो. दोघांना जेवल्याशिवाय सोडू नका.